शंभर आत, नव्व्याण्णव बाहेर

महापे एमआयडीसी. रात्रपाळी.
पंचवीस अंशांवर बांधून ठेवलेल्या खोलीत
दोनशे छप्पन्न सेल
भरतात, रिकामे होतात, भरतात.
राखणीला मी.
हजेरीपटावर: हर्षाली मोकल, टेक्निशियन, चाचणी विभाग.

सत्तेचाळीस नंबरच्या कप्प्यात सोडियम आहे.
लिथियमसारखं लाडावलेलं नाही ते.
अंगानं थोराड, चालीनं गावठी,
दारातून आत शिरताना खांदा घासतो त्याचा.
पण स्वस्त.
आणि समोर खाडीभर पसरलेलं.

भालेराव सर म्हणाले, सहा मिनिटांत भर.
भरला.
पडद्यावरची रेघ ताठ चढली
आणि खाली आकडा उमटला:
दिले शंभर, परत आले नव्व्याण्णव पॉइंट नऊ.
सरांनी टेबलावर थाप मारली.
असे मार्क त्यांच्या मुलालाही नव्हते.

मी जुन्या रिपोर्टच्या पाठीवर गुणाकार करत बसले.
दर खेपेला एवढंच सांडलं,
एवढंच, चिमटीत न येणारं,
तर हजाराव्या खेपेला
शंभरातले उरतात सदतीस.
दोनदा करून पाहिला.
सदतीसच.

जातं कुठे?
थोडं तर पहिल्याच दिवशी जातं,
सेल आतल्या आत साय धरतो तेव्हा.
ती साय नसेल तर तो जगत नाही,
जाड झाली तरी जगत नाही.
थोडं उष्णता होऊन हाताला लागतं.
आणि घाईनं ढकललेलं जे आत मावत नाही
ते उंबऱ्यावरच धातू होऊन बसतं,
सुईसारखं वाढत राहतं,
पलीकडच्या भिंतीपर्यंत.

बाबा जसखारला मिठागरात होते.
त्या कोंड्यांवर आता कंटेनर रचलेत,
लाल, निळे, एकावर एक.
ते सांगायचे, कडक उन्हानं मीठ लवकर धरतं,
पण दाणा बारीक, हातात विरघळणारा.
मी लहानपणी कोंडीत काठी फिरवायचे
तर लांबूनच ओरडायचे:
हलवू नको गो, मीठ बसू दे.

परवा त्यांना तो सेल दाखवला, फोनवर, फोटोत.
"हात मीठ हाय?"
मीठ नाही बाबा, मिठातलं अर्धं.
"आन् उरलेला अर्धा?"
याचं उत्तर माझ्याकडे होतं,
पण ते चष्मा पुसायला लागले होते.

सकाळी सहा. गेटबाहेर चहाच्या टपरीशेजारी
चार्जिंगच्या खांबाला टेकून नझीम उभा.
पाठीवर पिशवी, स्कूटरवर सत्तावन्न टक्के,
फोनवर ऐरोलीचं कुणीतरी अंडी आणि पावाची वाट बघतंय.
"ताई, तुम्ही आत हेच करता ना?
दहा मिनिटांत फुल्ल, असं येणार का कधी?"
येईल, म्हटलं. सहा मिनिटांतसुद्धा.
हजार वेळा येईल का, ते बघतोय.
तो हसला.
"हजार कुणाला पाहिजेत?
मला आजचे चौदा फेरे होऊ देत."

एकाहत्तरवर त्यानं वायर उपटली आणि गेला.
मला बोलायचं होतं काहीतरी.
त्याचा अर्धा चहा तसाच, वर साय धरत.

बसस्टॉपवर पोचल्यावर आठवलं,
डबा आतच राहिला.
परत गेले. शूजवर निळे मोजे चढवले, दार ढकललं.
सत्तेचाळीस, फेरी दोनशे तेरा:
नव्व्याण्णव पॉइंट चार.
कालच्या रेघेला आज मान खाली घालायची सवय लागलेली.

मी त्याचा वेग निम्मा केला.
सरांना विचारलं नाही.
नोंदवहीत वेळ लिहिली, सही केली.
कारणाच्या रकान्यात काय लिहायचं
ते अजून सुचलेलं नाही.